ढाला गळा आणि वरचा गंधार: नाट्यपदात आवाज फाटतो तेव्हा काय तपासायचं

मी गात नाही, पेटी वाजवतो. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत उत्सवांतल्या संगीत नाटकांना साथ करण्यात बावीस वर्षं गेली. माघी गणपती जवळ आला की एक फोन ठरलेला असतो. "पद बसलंय हो, पण वर गेलं की फाटतं." फोन करणारा बहुतेक वेळा ढाल्या, म्हणजे जाड आणि खालच्या पट्टीत रमणाऱ्या आवाजाचा पुरुष. मंद्रात (खालच्या सप्तकात) आणि मध्य सप्तकात आवाज असा गोड की ऐकत राहावं, आणि तार गंधार, म्हणजे वरच्या सप्तकातला ग, आला की जुन्या दाराची बिजागरी करकरावी तसा.

हा दोष मी इतक्यांदा पाहिलाय की आता तपासायचा क्रम ठरून गेलाय. फुकटातलं आधी, खर्चाचं आणि वेळखाऊ नंतर. उलटा क्रम धरणारे पुष्कळ भेटतात. ते थेट "माझा गळाच नाही तसा" इथपर्यंत पोचतात आणि भूमिका सोडतात.

लक्षणं

- तार षड्ज नीट लागतो, रिषभावर डगमगतो, गंधार-मध्यमावर फाटतो किंवा चिरकतो.
- फाटत नाही, पण स्वर पोचत नाही, किंचित खाली राहतो. गायकाला कळत नाही, पेटीवाल्याला लगेच कळतं.
- तालमीत ठीक, प्रयोगात तिसऱ्या अंकात गडबड.
- वर जाताना हनुवटी उचलली जाते, गळ्याच्या शिरा दिसतात.
- दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज बसलेला.
- पट्टी उतरवली तर वरचं जमतं, पण मंद्रातल्या ओळी ऐकूच जात नाहीत.

शेवटची तीन लक्षणं नीट लक्षात ठेवा, पुढे लागतील.

पेटी खरंच त्या पट्टीत आहे का?

पाच मिनिटांचं काम, म्हणून हे सगळ्यात आधी. घरी तुम्ही मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर काळी १ लावून, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी सा धरून, रियाज करता. तो तानपुरा ४४० च्या हिशोबाने चालतो, म्हणजे ए हा स्वर (आपली पांढरी ६) ४४० हर्ट्झवर धरून. देवळातली पेटी कुणाच्या आजोबांनी आणलेली, मधे दोनदा सूर लावून घेतलेली. ती त्याच काळी १ वर असेलच असं नाही. एका गावात मंडळाची पेटी जवळजवळ पाव पट्टी चढी निघाली (एक पट्टी म्हणजे पेटीवर काळी-पांढरी धरून लगतच्या पट्टीपर्यंतचं अंतर). ऐकायला फरक थोडा वाटतो, पण ज्याचा गळा काठावर आहे त्याला तेवढाही पुरतो.

मोबाइलवर ट्यूनर लावा. मधल्या सप्तकातली काळी १ दाबा. २७७ हर्ट्झच्या आसपास दिसायला हवं, म्हणजे पाश्चात्त्य भाषेतला सी शार्प. पुरुषाने काळी १ वर सा धरला की हा त्याचा तार षड्ज असतो, मध्य षड्ज याच्या निम्म्यावर. या घोळात पुष्कळ जण अडकतात. पेटी चढी असेल तर रियाज त्याच पेटीवर करा किंवा तानपुरा तेवढा चढवा. स्वतः पेटी उघडून आतल्या सुरांच्या पितळी पट्ट्या खरवडू नका. टोकाकडे घासलं तर सूर चढतो, मुळाकडे घासलं तर उतरतो हे खरं, पण एकदा जास्त घासली गेली की पितळ परत येत नाही. ते काम पेटी बनवणाऱ्याचं.

हे दुखणं एकट्या कोकणातलं नाही. युरोपातही शहरागणिक वाद्यांचा सूर चढत चालला आणि गायकांची ओरड सुरू झाली, तेव्हा फ्रान्सने १८५९ मध्ये ए हा स्वर ४३५ वर कायद्यानेच बांधून टाकला.

पद कुठून उचललंत?

जुन्या ध्वनिमुद्रिकेवरून पद बसवलं असेल तर एक गोष्ट तपासा. ७८ फेऱ्यांची तबकडी संगणकावर चढवताना थोडी जास्त वेगाने फिरवली गेली असेल, तर गाणं वेगाबरोबर पट्टीनेही चढतं. ७८ च्या जागी ८२-८३ फेऱ्या झाल्या की पूर्ण एक पट्टी चढली म्हणून समजा. तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मिळायची, त्यामुळे मूळ गायकही पद आटोपतं घ्यायचा. तुम्ही मात्र तेच नाटकातलं पद समजून घोकता, आणि तिसऱ्या अंकात दहा मिनिटं गाताना त्याच उंचीवर लोंबकळत राहता.

त्यातून ज्यांची पदं आपण डोक्यावर घेतली त्यांतल्या बऱ्याच जणांचे गळे चढे होते. मंगेशीच्या मास्टर दीनानाथांची तारेतली झेप ऐकून ढाल्या गळ्याच्या माणसाने तीच पट्टी धरली, तर गाणं बाजूला राहतं आणि नुसती नक्कल होते, तीही अर्धवट.

रात्र, जेवण आणि मॉनिटर

आमच्याकडचं नाटक पालखी, आरती, आभार, सत्कार आटोपून उभं राहतं ते साडेदहा-अकराला. तिसरा अंक रात्री दोनला. दिवसभर नारळ सोलण्यापासून मांडव घालण्यापर्यंत सगळं याच माणसाने केलेलं असतं. महाप्रसाद पोटभर जेवून तासभर आडवं होऊन मग तोंडाला रंग लावला, तर आंबट पाणी घशाशी येतं आणि तिसऱ्या अंकात ते बोलतं. जेवण प्रयोगाच्या तीन तास आधी, थोडं. नंतर घोट-घोट साधं पाणी. खडीसाखर-लवंग हवी तर घ्या, मनाला बरं वाटतं, पण ती स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते.

साउंडवाल्याला मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर, मागा. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस ढकलतो, आणि ढाला गळा ढकलला की वर सगळ्यात आधी तोच फाटतो. 'इको' कमी करायला सांगा. सांगितलं की तो मान डोलावतो आणि काही करत नाही, म्हणून मध्यंतरात परत सांगा.

एवढ्यावर साधारण निम्मे दोष सुटतात. ज्यांचे सुटत नाहीत त्यांच्यासाठी पुढची तपासणी. या सगळ्या लेखातून एकच काही करणार असाल, तर हीच करा.

शब्द फाटतो की पट्टी?

एक वही घ्या. पद काळी १ मध्ये म्हणा आणि जिथे फाटलं तिथे दोन गोष्टी लिहा: कोणत्या अक्षरावर फाटलं, आणि पेटीवर ती कोणती पट्टी होती. मग तेच पद पांढरी १ मध्ये म्हणा, मग पांढरी ७ मध्ये. दर वेळी लिहा.

आता वही बघा. पट्टी बदलली तरी फाटतं त्याच अक्षरावर? तर दोष शब्दात आहे, म्हणजे उच्चारात किंवा श्वासाच्या जागेत. मग पट्टी कितीही उतरवा, उपयोग नाही. उलट, सा खाली आणला तशी फाटायची जागा पदात पुढे सरकली, पण पेटीवर बोट दर वेळी त्याच पट्टीवर पडतंय? तर तो तुमच्या गळ्याचा उंबरठा आहे, आणि तिथे पट्टीचा विचार करावाच लागेल.

मला ही तपासणी एका मासळीचा लिलाव पुकारणाऱ्याने शिकवली, नकळत. पहाटे बंदरावर बोली पुकारायची आणि रात्री अर्जुनाचं काम. आवाज भरदार, आमटीसारखा दाट. एका ठरलेल्या जागी फाटायचा. मी शहाणपणाने पट्टी उतरवली. तिथेच फाटला. आणखी उतरवली. तिथेच. चौथ्यांदा मी पेटी थांबवून नुसता त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्या जागी शब्दात दीर्घ ई होती. ई म्हणताना तो ओठ दोन्ही कानांकडे ताणायचा, जबडा मिटायचा, आणि श्वास आधीच्या शब्दावर संपलेला असायचा. उरलेली हवा गळ्याने पिळून काढायची. दुसरं काय होणार?

दोष शब्दात असेल तर

श्वास दोन शब्द आधी घ्या, अर्थ तुटत नाही अशा जागी. वहीत पदाच्या ओळीवर पेन्सिलीने काकपद काढून ठेवा. तारेत ई आली की जबडा खाली सोडा, ओठ ताणू नका. स्वर ई आणि ए यांच्या मधला होईल, होऊ द्या. आठव्या रांगेत ती ईच ऐकू येते. आ आला की उलट करा. हाss करून पसरट उघडू नका, ओठ जरासे गोल करा, ऑकडे झुकवा. पसरट आ म्हणजे लिलावातली हाक, आणि ती हाक जितकी वर जाते तितकी फाटते. ऑपेरातले खालच्या आवाजाचे पुरुष गायक नेमकं हेच करतात, वरच्या स्वरांवर आवाजाला छप्पर घालतात. आपल्याकडे याला वेगळा शब्द नाही, पण चांगले गाणारे करतात.

आमच्या अर्जुनाला हे जमायला तीन आठवडे लागले. पट्टी शेवटी काळी १ च राहिली.

दोष पट्टीत असेल तर: उतरवा, पण हिशोबाने

ढाल्या पुरुषी गळ्याचं वळण साधारण २९४ ते ३३० हर्ट्झच्या दरम्यान येतं, म्हणजे वरची पांढरी २ ते पांढरी ३. त्याच्या खाली स्वरतंतू जाड राहून चालतात, त्याच्या वर त्यांनी पातळ व्हायला हवं. जाडच ठेवून वर ढकलले की फाटतात. काळी १ मध्ये तार गंधार ३४९ वर, म्हणजे वळणाच्या पलीकडे. पांढरी ७ मध्ये तोच गंधार ३११ वर येतो, ऐन वळणात. पांढरी ६ मध्ये २७७ वर, वळणाच्या अलीकडे. म्हणून एक पट्टी उतरवून कधी कधी काहीच फरक पडत नाही आणि चार उतरवल्यावर एकदम मोकळं वाटतं.

पण खालचं भान ठेवा. समजा पद मंद्र पंचमापासून तार मध्यमापर्यंत जातं. काळी १ मध्ये ते १०४ ते ३७०. पांढरी ६ मध्ये ८२ ते २९४. वरचं सोपं झालं, पण खालचा पंचम पार तळाला गेला. घरी तो छान घुमतो. मांडवात पंख्यांचा आणि जनरेटरचा गुरगुराट घालवायला साउंडवाल्याने बेस कापलेला असतो, त्यात तुमचा पंचमही जातो. म्हणून एकेक पट्टीनेच उतरा आणि दर वेळी सगळ्यात खालची ओळ कुणाला तरी मांडवाच्या शेवटच्या खांबापाशी उभं करून ऐकायला सांगा. शब्द कळले तर ती पट्टी चालेल.

उतरायला लाजणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ऑपेरात सबंध वाद्यवृंदाचे कागद छापलेले असतात, सा सरकवणं आपल्याइतकं सोपं नाही. तरीही उतरवतात. रोसिनीच्या १८१६ च्या 'बार्बर ऑफ सेव्हिल'मध्ये डॉन बासिलिओचं चहाडीवरचं पद मूळ डी मेजरमध्ये, म्हणजे आपल्या पांढरी २ मध्ये लिहिलंय. खर्जाचे गायक ते सर्रास सी मेजरमध्ये, पांढरी १ मध्ये गातात. वरचा स्वर एफ शार्पवरून ई वर येतो, तोच आपला ३३० चा उंबरठा. तिथे त्यासाठी प्रत्येक वादकाला वेगळा कागद द्यावा लागतो. इथे मला नुसती बोटं सरकवायची असतात, आणि तरी कुरकुर मीच करतो.

खरं सांगायचं तर ढाल्या गायकाला खाली येऊ न देणारा बहुतेकदा पेटीवालाच असतो. काळी १ वर आमचा हात बसलेला, पांढरी ७ म्हटलं की बोटं अडखळतात. मग आम्ही म्हणतो, "अहो, पद खाली घेतलं की तेज जातं." कुडाळकडच्या एका म्हाताऱ्या भजनी बुवांनी मला एकदा सरळ सुनावलं होतं, "गळो वडूक लावू नको रे त्येका, पेटी उतरय." त्यानंतर मी स्केल चेंजर पेटी घेतली, म्हणजे पट्ट्याच सरकवून सा बदलता येतो अशी. ती नसेल तर पेटीवाल्याला महिनाभर आधी पट्टी सांगा. प्रयोगाच्या रात्री सांगाल तर तो हो म्हणेल आणि चुका करेल.

तबल्याचं काय?

सा उतरला की तबलाही उतरवावा लागतो, आणि काळी १ चा दायाँ (उजव्या हाताचा तबला) दोन पट्ट्या उतरवला की मेल्यासारखा वाजतो. पावसाळी हवेत तर आधीच कातडं सैल. दोन उपाय आहेत. मोठ्या तोंडाचा दायाँ मिळवा, किंवा तबला सा मध्ये न लावता मध्यमात वा पंचमात लावा. सा पांढरी ६ असेल तर मध्यम पांढरी २ वर आणि पंचम पांढरी ३ वर येतो. काळी १ चा तबला मध्यमासाठी एक आणि पंचमासाठी तीन पट्ट्या चढवला की काम झालं. भूपासारख्या रागात मध्यम नाही, तिथे पंचम. मालकंसात पंचम नाही, तिथे मध्यम. प्रत्येक पदाला वेगळं लावणं प्रयोगात शक्य नसतं, म्हणून पदांची यादी तबलजीला आधी द्या.

नायिकेबरोबरचं युगुलगीत असेल तर तिच्याशीही बोला. तुम्ही काळी १ आणि ती काळी ४, म्हणजे तुमचा पंचम तिचा सा, हे जमत आलेलं गणित तुम्ही खाली सरकलात की मोडतं.

स्वरच बदलायचा?

पट्टी उतरवूनही एखादीच जागा अडत असेल तर ती जागा बदला. तार मध्यमावर उभं राहण्याऐवजी गंधारावर या आणि मध्यमाला नुसता स्पर्श करून परत फिरा. ऑपेरातही अशा छोट्या बदलांची जुनी चाल आहे. आपल्याकडे तर मुखडा आणि अंतऱ्याची चौकट राखली की आतला विस्तार गायकाचाच असतो. तरी रत्नागिरीकडचा पहिल्या रांगेतला प्रेक्षक पद पाठ असलेला असतो. त्याची ओळखीची जागा चुकवलीत तर तो मध्यंतरात चहा घेताना बोलतो. मला विचाराल तर बोलू द्यावं. फाटलेल्या मध्यमापेक्षा सुरेल गंधार केव्हाही बरा.

भैरवी-पिलूसारख्या पदांत मध्यमाला सा मानून गाता येतं, पण ते ऐनवेळी करायचं काम नाही.

रियाज: इथून पुढे महिने लागतात

उंबरठा गुळगुळीत करता येतो, पण जोर लावून नाही. ओठ फुरफुरवत खालून वर आणि वरून खाली सरकणं, बंद तोंडाने ऊंss करत वळणावरून हलकेच जाणं, रोज दहा मिनिटं. तार स्वर हळू आवाजात लागला तरच तो तुमचा झाला. पहाटेचा खर्ज भरायचा रियाज ढाल्या गळ्याला आवडतो, पण तो वरच्या दुखण्यावरचा इलाज नाही. इथे गुरू समोर हवा, कारण हनुवटी वर गेलेली गाणाऱ्याला दिसत नाही. दीड-दोन महिन्यांत काहीच फरक नसेल तर शिकवणाऱ्याला तसं सांगा. गप्प राहून जोर वाढवू नका.

इथे थांबा आणि डॉक्टरकडे जा

गाताना अचानक आवाज गेला, किंवा गळ्यात काही तुटल्यासारखं वाटून घोगरा झाला, तर त्याच क्षणी थांबा. पद अर्धं सोडा, पेटीवाला सांभाळून घेईल. त्यानंतर कुजबुजायचंही नाही. दुसऱ्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. स्वरतंतूत रक्त उतरलेलं असू शकतं.

आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, गाताना किंवा गिळताना दुखत असेल, थुंकीत रक्त दिसलं, मानेला गाठ लागली, तरीही जायचं. तंबाखू-विडीवाल्यांनी तीन आठवडेही थांबू नये. श्वास घेताना घरघर होत असेल तर थेट इस्पितळ. डॉक्टर दुर्बिणीने स्वरतंतू बघतात, त्याशिवाय कोणीही, मीही, नुसतं ऐकून सांगू शकत नाही. "आजच्या रात्रीपुरती" म्हणून औषधांच्या दुकानातून स्टेरॉइडची गोळी आणून प्रयोग मारून नेणारे मी पाहिलेत. ती गोळी सूज दाबते आणि तुम्ही सुजलेल्याच तंतूंवर तीन तास गाता. डॉक्टरने तपासून दिली तर गोष्ट वेगळी.

आमचा अर्जुन पुढच्या हंगामात गेला होता, सकाळी आवाज बसतो म्हणून. गाठी नुकत्याच धरू लागल्या होत्या. डॉक्टरांनी गाणं बंद नाही केलं, लिलाव बंद केला. सहा आठवडे त्याच्या भावाने बोली पुकारली, आणि स्पीच थेरपिस्टकडे त्याच्या खेपा झाल्या.

डॉक्टरकडे जाताना वहीतलं ते पान बरोबर न्या. कोणती पट्टी, कोणतं अक्षर, पहिल्या अंकात की तिसऱ्या, दुसऱ्या दिवशी आवाज किती वाजेपर्यंत बसलेला, आणि दिवसभर ओरडायचं काम असेल तर तेही त्यावर लिहा.